स्कंदन-परीक्षा आपल्या दवाखान्यात का हवी?

रक्तधातूस आपल्या शास्त्रात जे स्थान आहे ते वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको. सुश्रुताचार्यांनी त्यास देहाचे मूळ मानले, त्याच्या रक्षणाविषयी वैद्यास बजावले आणि शल्यतंत्रात दोषांच्या पंक्तीस बसवून त्याचा विचार केला. महाविद्यालयात असताना शुद्ध रक्ताची लक्षणे, रक्तवृद्धी, रक्तक्षय, रक्तपित्त, रक्तमोक्षणाचे योग्यायोग्य हे सर्व आपण मुखोद्गत केले आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळविले. परंतु समोर बसलेल्या रुग्णाचे रक्त गोठते आहे की नाही, हे काचेच्या नळीत स्वतःच्या डोळ्यांनी आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? हदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करताना हा प्रश्न आम्हास प्रत्येक पावसाळ्यात नव्याने पडतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे की, ग्रामीण भागातील प्रत्येक आयुर्वेद दवाखान्यात वीस मिनिटांची स्कंदन-परीक्षा करण्याची सिद्धता असावी आणि प्रत्येक औषधी दुकानाच्या गल्ल्यावर रक्त गोठण्याविषयी एक-दोन प्रश्न विचारण्याची पद्धत पडावी. हे सांगताना आम्ही कोणत्याही पॅथीची वकिली करीत नाही. रक्त कोणत्याही पॅथीचे नसते. ते रुग्णाचे असते.

रक्त कसे गोठते?

शिरेस इजा झाली की प्रथम ती शिर आकसते. त्यापाठोपाठ बिंबिका, म्हणजेच प्रयोगशाळेच्या अहवालात ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्या, जखमेच्या काठास येऊन चिकटतात आणि एकमेकींस धरून तात्पुरते बूच तयार करतात. निरोगी मनुष्याच्या दर घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणतः १.५ ते ४.५ लाख असतात. लहानशा ओरखड्यास एवढे पुरते. मोठ्या जखमेस मात्र हे बूच टिकत नाही. त्यावर तंतूंचे जाळे विणले जावे लागते.

हे जाळे विणणारी सामग्री रक्तात सदैव वाहत असते, परंतु सुप्तावस्थेत. या क्रियेत भाग घेणाऱ्या घटकांना एक ते तेरा असे क्रमांक देण्यात आले. त्यातील सहावा पुढे गळला. यांपैकी बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात आणि दुसरा, सातवा, नववा व दहावा या चार घटकांना 'के' जीवनसत्त्वाची गरज लागते. दुखावलेल्या ऊतीचा रक्ताशी संबंध आला की सातवा घटक जागृत होतो. तो दहाव्यास जागे करतो. दहावा पाचव्याचे साहाय्य घेऊन प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो. आणि थ्रॉम्बिन हे फायब्रिनोजेन नावाच्या विरघळलेल्या प्रथिनाचे न विरघळणाऱ्या तंतूंत, म्हणजे फायब्रिनमध्ये रूपांतर करते. तेरावा घटक हे तंतू एकमेकांत घट्ट गुंफतो. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर वाढत जाणाऱ्या या क्रियेचे चित्र १९६४ साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे मांडले. जखम भरत आली की प्लाझ्मिन हे द्रव्य ते जाळे हळूहळू विरघळवून टाकते. गोठणे आणि विरघळणे या दोहोंचा तोल म्हणजेच रक्ताचे स्वास्थ्य होय.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सर्व खटाटोपाचा शेवट ज्या फायब्रिनोजेनवर होतो ते प्रथिन रक्तात मोजकेच असते: दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात २०० ते ४०० मिलिग्रॅम. ते संपले की मागील साऱ्या पायऱ्या शाबूत असूनही रक्त गोठत नाही.

सुश्रुताचार्यांनी रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत: शीत द्रव्यांनी स्कंदन, कषाय द्रव्यांनी संधान, भस्मांनी पाचन आणि अग्नीने दहन. त्यांचा क्रमही त्यांनी लावून दिला आहे. प्रथम स्कंदनाचा यत्न करावा. ते न साधल्यास संधान. तेही निष्फळ झाल्यास पाचन. आणि तिन्ही हरल्यावर दहन. आजच्या घटकांच्या क्रमांकांशी या चार उपायांची ओढूनताणून जोडी लावण्याचा मोह आम्ही टाळतो. त्याने ना शास्त्राचा मान वाढतो, ना रुग्णाचे हित होते. आम्हास महत्त्वाचे वाटते ते निराळेच. या क्रमात वैद्य प्रत्येक पायरीवर थांबून पाहतो की रक्त साकळले की नाही, आणि जे दिसेल त्यावरून पुढचा उपाय ठरवितो. आचार्यांनी आपणास चार उपाय दिले. त्यांहून मोठी देणगी म्हणजे ही पाहण्याची शिस्त होय. ती आपण गमावली आहे.

घोणस काय करते?

या शिस्तीची सर्वांत कठोर परीक्षा आपल्या भागात सर्पदंशाच्या रुग्णापाशी होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सर्पांपैकी पहिल्या दोघांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर जाते, तर घोणस व फुरसे यांचे विष रक्ताच्या स्कंदनावर घाला घालते. पैनगंगेच्या काठची कापूस, सोयाबीन, हळद, ऊस यांची शेते, गवताळ बांध आणि त्यांत उंदरांची रेलचेल, हे सारे घोणशीस मानवणारे आहे. त्यात शेतीची वीज रात्रपाळीस आली की शेतकरी अनवाणी पाणी द्यावयास जातो आणि घोणसही त्याच वेळी भक्ष्याच्या शोधात बाहेर पडते.

घोणशीचे विष रक्ताच्या साखळीतील दहाव्या आणि पाचव्या घटकास थेट जागे करते. फुरशाचे विष एक पायरी आणखी पुढे जाऊन प्रोथ्रॉम्बिनलाच हात घालते. म्हणजे जखम नसताना शरीरभर गोठण्याची आज्ञा सुटते. सूक्ष्म गुठळ्या होतात, विरघळतात, पुन्हा होतात. आणि काही तासांत फायब्रिनोजेनचा साठा रिता होतो. औषधी विक्रेत्यांना हे लगेच उमगेल. खोट्या मागणीने दुकानातील सारा माल उचलला जावा आणि खरा गरजू दारी आला तेव्हा फळीवर एक डबीही उरू नये, तशी रक्ताची अवस्था होते. त्यातच विषातील अन्य द्रव्ये केशवाहिन्यांच्या भिंती कुरतडतात. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या व्रणातून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपू लागते. घोणशीच्या दंशात वृक्कांवरही आघात होतो. मूत्र कमी होणे हे म्हणूनच वाईट लक्षण होय.

गंमत अशी की गोठविण्याच्या याच शक्तीचा उपयोग मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ साली उलट बाजूने दाखविला होता. हिमोफिलियाच्या रुग्णांच्या वाहत्या जखमेवर घोणशीच्या विषाचे अत्यंत पातळ द्रावण लावून त्यांनी रक्त थांबविले. जे द्रव्य जखमेवर थेंबभर लावले असता रक्त गोठविते, तेच दंशातून सर्व शरीरात शिरले की गोठण्याची शक्तीच संपवून टाकते. मात्रा व मार्ग यांवर विषाचे अमृत आणि अमृताचे विष होते, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

आपल्या संहितांत हे चित्र नाही असे कोणी समजू नये. सुश्रुताचार्यांनी सर्पांचे दर्वीकर, मंडली आणि राजिमान असे भेद करून मंडलीचे विष पित्तप्रकोपक मानले. दाह, तृष्णा, दंशस्थानी शोथ व कोथ, मांसाचे गळून पडणे, आणि ऊर्ध्व व अधो अशा दोन्ही मार्गांनी रक्त जाणे ही लक्षणे त्यांनी त्याच्या ठायी नोंदविली आहेत. घोणशीच्या दंशाचा रुग्ण ज्याने एकदा पाहिला आहे, त्यास हे वर्णन किती यथार्थ आहे ते कळेल. एवढेच नव्हे, तर अन्य दंशांत दहन सांगणाऱ्या आचार्यांनी मंडलीच्या दंशात दहनाचा स्पष्ट निषेध केला आहे. सर्प ओळखून, लक्षणे ओळखून उपाय बदलणारा हा विवेक आहे. आज गावोगावी कोणत्याही दंशावर डाग देणारे, चिरा पाडणारे लोक आयुर्वेदाचे नाव घेतात, तेव्हा ते त्याच ग्रंथाची आज्ञा मोडीत असतात.

आपल्या जिल्ह्यातला दाखला

सर्पदंशाचा प्रश्न किती मोठा आहे हे सांगण्यास आता आकडे उपलब्ध आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उष्ण कटिबंधातील दुर्लक्षित व्याधींच्या यादीत केला. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. मरणारे बहुतांश आपलेच रुग्ण आहेत. ते शेतमजूर आहेत, सालगडी आहेत, निंदणी-कापणीस जाणाऱ्या स्त्रिया आहेत, बांधावर खेळणारी मुले आहेत.

या कामी मार्ग दाखविणारे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. आपल्याच नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथील डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'मध्ये मांडला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग अशाच एका तालुक्याच्या गावातून जगापुढे नेला. हे दोघेही आधुनिक वैद्यकाचे. परंतु त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा पॅथीचा नाही. मोठ्या शहराची साधने नसताना रुग्णाजवळ बसून पाहणे, वेळ लिहिणे आणि नोंद ठेवणे एवढ्या भांडवलावर हे काम उभे राहिले. हे भांडवल आपल्यापाशीही आहे.

वीस मिनिटे आणि एक काचेची नळी

आता परीक्षेकडे वळू. नवी, स्वच्छ आणि कोरडी काचेची परीक्षानळी घ्यावी. हाताच्या वरच्या शिरेतून सुमारे २ मिलिलिटर ताजे रक्त काढून तीत सोडावे. नळी न हलविता खोलीच्या तापमानास वीस मिनिटे उभी ठेवावी. वेळ घड्याळाने मोजावी, अंदाजाने नव्हे. वीस मिनिटांनी नळी एकदाच कलती करावी. रक्त घट्ट बसले असेल तर ते गोठले. पाण्यासारखे वाहिले तर स्कंदनशक्ती गेली, आणि आपल्या भागात त्याचा अर्थ बहुधा घोणस किंवा फुरसे असाच होतो. सुई टोचलेली जागा नंतर बराच वेळ दाबून धरावी.

काचच का, असे अनेकजण विचारतात. काचेच्या पृष्ठभागाच्या स्पर्शाने रक्तातील बारावा घटक जागृत होतो व गोठण्यास चालना मिळते; प्लॅस्टिकच्या नळीत तसे होत नाही आणि निरोगी रक्तही पातळ राहून आपली फसगत होऊ शकते. डिटर्जंटने धुतलेली नळीही याच कारणास्तव वर्ज्य. प्रयोगशाळेच्या रंगीत झाकणाच्या ज्या नळ्यांत रक्त न गोठण्याचे द्रव्य आधीच घातलेले असते त्या तर मुळीच वापरू नयेत. शंका आल्यास दुसऱ्या नळीत निरोगी मनुष्याचे रक्त घेऊन तुलना करावी.

या परीक्षेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हव्यात. पहिल्या नळीतील रक्त गोठले म्हणून विष नाही असे ठरत नाही. विषाचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो. म्हणूनच रुग्णालयात ही परीक्षा पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाने करण्याचा प्रघात आहे व रुग्णास निदान २४ तास देखरेखीखाली ठेवले जाते. नाग व मण्यार यांच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठते आणि तरीही रुग्ण श्वास बंद पडून जातो. पापण्या जड होणे, घास गिळता न येणे, आवाज बदलणे, रात्री जमिनीवर झोपलेल्यास पहाटे पोटात दुखू लागणे या गोष्टी नळी दाखवीत नाही. त्या वैद्यानेच पाहावयाच्या आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही वीस मिनिटे रुग्णास थांबवून ठेवण्याची नव्हेत. दंश झाला हे कळताक्षणी १०८ क्रमांकावर कळवावे, अवयव फळी बांधून स्थिर करावा, अंगठी, कडे, जोडवी काढावीत आणि रुग्णास चालू देऊ नये. रुग्णवाहिका नळीच्या आधी आली तर रुग्ण पुढे जावा, नळी मागे राहावी.

मग खासगी दवाखान्यात ही परीक्षा करून काय साधते, असे कोणी विचारील. आमचा अनुभव असा की तिचा खरा उपयोग जो रुग्ण जाण्यास तयार नसतो त्याच्यासाठी होतो. 'काहीतरी टोचले', 'काटा असेल', 'जनावर दिसले नाही', 'बाबाने झाडले, आता बरे आहे' असे म्हणणारा रुग्ण आपल्याकडे येतो तो पट्टी बांधून घेण्यास. काही पावसाळ्यांपूर्वी निंदणीस गेलेली एक मजूर स्त्री पायाच्या सुजेसाठी आमच्याकडे आली. साप पाहिला नव्हता. वेदना होत्या, पण ती चालत आली होती, आणि नांदेडला नेण्यास नातलग राजी नव्हते. मजुरी बुडेल, गाडीभाडे लागेल, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. आम्ही गाडीस फोन केला आणि नळी त्यांच्यासमोर मेजावर ठेवली. वीस मिनिटांनी नळी कलती केली तेव्हा रक्त काठाकाठाने ओघळले. त्यानंतर एकही शब्द बोलावा लागला नाही. रुग्ण तत्काळ मार्गी लागली, प्रतिविष मिळाले आणि आठवडाभराने ती घरी परतली. हजार शब्दांचे समुपदेशन जे करीत नाही ते त्या नळीने केले. शिवाय 'अमुक वाजता रक्त गोठत नव्हते' ही चिठ्ठी पुढील डॉक्टरांच्या हाती पडते, तिचे मोल निराळेच.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

आपल्यातीलच काही ज्येष्ठ म्हणतील की अगदतंत्र हे आपले स्वतंत्र अंग आहे. चरकाचार्यांनी विषावर चोवीस उपक्रम सांगितले. मग प्रतिविषाच्या मागे का धावावे? त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही एवढेच म्हणू की, ज्या काळी घोड्याच्या रक्तातून तयार केलेले प्रतिविष नव्हते त्या काळी आचार्यांनी हाताशी असलेले सर्व उपाय मांडले. युक्तिव्यपाश्रय चिकित्सा म्हणजे उपलब्ध साधनांतून रुग्णास तारील ते योजणे. रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करणारे प्रतिविषाइतके खात्रीचे साधन आज दुसरे नाही. ज्याचे रक्त गोठत नाही अशा रुग्णास चिरा पाडणे, रक्तमोक्षण करणे म्हणजे बंद न होणारा नळ उघडणे होय. अरिष्टाबंधनाच्या नावाने करकचून बांधलेल्या दोरीनेही हात-पाय काळे पडलेले आणि ती सोडताच विष एकदम पसरून रुग्ण ढासळलेला, असे प्रसंग ग्रामीण भागात घडत आले आहेत.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा असतो: हे आपले कामच नाही, रुग्ण पुढे पाठवावा आणि मोकळे व्हावे. यावर आमचे म्हणणे असे की पुढे पाठविणे हेही कौशल्याचे काम आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांवर आणि अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आपलेच बीएएमएस बंधुभगिनी सेवा देत आहेत. तेव्हा हे आपले काम नाही, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. प्रतिविष मात्र आपल्या लहान दवाखान्यात देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रारंभीच ८ ते १० कुप्या लागतात, त्या लहान मुलासही तितक्याच लागतात; तीव्र प्रतिक्रिया आल्यास ॲड्रेनलिन व श्वासोच्छ्वासाची साधने हाताशी लागतात; आणि सहा तासांनी पुन्हा स्कंदन-परीक्षा करून पुढील मात्रा ठरवावी लागते, कारण यकृतास फायब्रिनोजेन पुन्हा घडविण्यास साधारण तेवढा अवधी हवा असतो. हे रुग्णालयाचे काम आहे. आपले काम रुग्णास तेथे वेळेत आणि न बिघडविता पोहोचविण्याचे.

औषधी विक्रेत्यांना विनंती

'न बिघडविता' हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. दंश झालेला मनुष्य पुष्कळदा वैद्याआधी औषधी दुकानात जातो. एका दंशाच्या रुग्णास दुकानातून वेदनाशामक गोळी आणि ओळखीच्या कोणाकडून कमरेत सुई मिळाल्याचे आम्ही पाहिले आहे. कमरेत रक्त साकळून मुठीएवढी गाठ आली होती. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. रक्त गोठत नसेल ही शंकाच त्यास आली नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे बिंबिकांच्या कार्यास बाधा आणतात. ज्याचे फायब्रिनोजेन संपत आले आहे त्याची ती उरलीसुरली ढालही काढून घेतात. तेव्हा दंशाच्या रुग्णास ही औषधे देऊ नयेत, स्नायूत सुई देऊ-घेऊ नये आणि सर्पविष उतरविण्याचा दावा करणारी कोणतीही पुडी वा तेल फळीवर ठेवू नये.

दुसरा प्रसंग याहून नित्याचा आहे. हृदयात स्टेंट बसविलेले, झडप बदललेले, पक्षाघातातून उठलेले रुग्ण आता प्रत्येक खेड्यात आहेत. कोणास ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल चालू असते, कोणास वॉरफरिन वा ॲसेनोकुमेरॉल. लोक त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या म्हणतात. वस्तुतः रक्त पातळ होत नाही, गोठण्याची गती रोखली जाते. पहिली दोन बिंबिकांना रोखतात. दुसरी दोन 'के' जीवनसत्त्वाचा मार्ग अडवून चार घटक निकामी करतात. त्यांची मात्रा आयएनआर या तपासणीने जुळविलेली असते आणि तो आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान राखावा लागतो. कमी झाला तर झडपेवर गुठळी. अधिक झाला तर रक्तस्राव. असा हा सुरीच्या धारेवरचा तोल आहे.

लहानपणीच्या ज्वरामुळे झडप बिघडलेला रुग्ण सांधे दुखतात म्हणून आपल्याकडेच येतो. त्यास लसूण, आले, हळद यांचे संहत अर्क, गुग्गुळाचे कल्प आणि वर एखादी वेदनाशामक गोळी एकाच वेळी मिळाली तर तो तोल ढळू शकतो. स्वयंपाकातील हळदीचे भय बाळगण्याचे कारण नाही. आपल्या भागात ती पिकते आणि रोज पोटात जाते. प्रश्न अधिक मात्रेतील कॅप्सुलांचा व अर्कांचा आहे. याहूनही घातक म्हणजे 'रक्तशुद्धी करून देतो, त्या गोळ्या बंद करा' हा सल्ला. कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाने वॉरफरिन अचानक सोडले तर काही दिवसांत झडपेवर गुठळी धरून प्राण जाऊ शकतो. ती गोळी बंद करण्याचा अधिकार ज्याने ती सुरू केली त्याच्याकडेच ठेवावा.

जलौकावचरण करणाऱ्या बंधूंनीही हे लक्षात घ्यावे. जळूच्या लाळेत रक्त न गोठू देणारे द्रव्य असते, हे हेक्राफ्ट यांनी १८८४ साली दाखविले. हिरुडिन नावाने ओळखले जाणारे ते द्रव्य थेट थ्रॉम्बिनला बांधून ठेवते. म्हणूनच जळू सुटल्यावरही काही तास रक्त झिरपते. ज्याचे स्कंदन औषधाने आधीच रोखलेले आहे, त्यास जळू लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

संघटनेने काय करावे?

आमच्या सूचना साध्या व अल्पखर्चाच्या आहेत. प्रत्येक तालुका शाखेने मृग नक्षत्रापूर्वी एक दुपार स्कंदन-परीक्षेच्या प्रत्यक्ष शिक्षणास द्यावी. सभासदांनी एकमेकांचे रक्त घेऊन, घड्याळ लावून, नळी कलती करून पाहावी. निरोगी रक्त कसे घट्ट बसते हे ज्याने पाहिले आहे त्यालाच न गोठलेले रक्त ओळखता येते. प्रत्येक दवाखान्यात चार-पाच नव्या काचेच्या नळ्या कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवाव्यात; वर्षभरात एकही लागली नाही तर ते भाग्यच समजावे. औषधी दुकानांच्या गल्ल्यावर दोन प्रश्नांची चिठ्ठी लावावी: 'काही चावले आहे काय?' आणि 'रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे काय?' पहिल्याचे उत्तर होकारार्थी असेल तर औषध नव्हे, १०८. दुसऱ्याचे असेल तर वैद्यास विचारल्यावाचून काही देऊ नये. आणि शेवटी, दंशाच्या प्रत्येक रुग्णाची वेळ, गाव, लक्षणे, नळीचा निकाल व पुढे काय झाले याची एक ओळीची नोंद शाखेने ठेवावी आणि ती दरवर्षी याच त्रैमासिकात द्यावी. दहा वर्षांनी आपल्यापाशीही सांगण्यासारखे काही असेल.

आयुर्वेदाच्या गौरवाची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. आम्हास मात्र असे वाटते की, रात्री दहा वाजता तामशाहून वा निवघ्याहून मोटारसायकलवर मधे बसवून आणलेल्या शेतमजुरापुढे त्या भाषणांचा काही उपयोग नसतो. त्या वेळी वैद्याच्या हाती कोरडी काचेची नळी, भिंतीवर चालू घड्याळ आणि रुग्णास योग्य ठिकाणी पाठविण्याचे धैर्य असले पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान नळ्या तरी आणून ठेवाव्यात, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींस व औषधी विक्रेत्यांस आमची नम्र विनंती आहे.